केलची साधी परतलेली भाजी : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा केल (kale) ही पालेभाजी घरी आली की बहुतेक जण ती पालकासारखी करायला जातात, आणि तिथेच गाडी अडते. पालकाचं पान मऊ आणि पाणीदार. गरम भांड्यात पडलं की मिनिटाभरात खाली बसतं. केलचं पान जाड, चिवट, वरून मेणाचा पातळ थर असलेलं. ते इतक्या सहज पाणी सोडत नाही. नुसत्या तेलावर परतलं तर कडा करपतात आणि मधलं पान चामट राहतं. मग सगळा दोष भाजीच्या माथी. वास्तविक केलला हवी असते आधी वाफ आणि नंतर परतणं. हा क्रम एकदा हाताला बसला की बाकी सगळं चवीपुरतं उरतं.

खाली दिलेलं प्रमाण दोन माणसांना तोंडी लावण्यापुरतं आहे. एकूण वेळ अर्धा तास धरा. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ निवडण्या-धुण्यात जातो; आचेवर भाजी जेमतेम दहा मिनिटं असते.

आधी थोडी ओळख

केल कोबीच्या कुळातली. नुसती कुळातली नव्हे, तर कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि नेहमीची केल या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच प्रजातीच्या, ब्रासिका ओलेरासियाच्या. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करत कुणाचा गड्डा वाढवला, कुणाचं फूल, कुणाचं खोड. केलमध्ये पानं वाढवली. तिला गड्डा धरत नाही. याचा स्वयंपाकात उपयोग असा, की कोबी जास्त शिजला की जो उग्र वास घरभर पसरतो, तोच केललाही सुटतो. या कुळातल्या सगळ्याच भाज्यांमध्ये गंधक असलेली संयुगं असतात आणि फार वेळ शिजवलं की ती मोडून तो वास येतो. त्यामुळे ‘चिवट आहे ना, मग ठेवू अर्धा तास’ हा मार्ग इथे कामाचा नाही.

बाजारात प्रामुख्याने चार प्रकार दिसतात. कुरळी केल, म्हणजे झालरीसारख्या कडांची, हिरवी किंवा जांभळी; ही सगळ्यात जास्त मिळते. दुसरी लांब, अरुंद, काळपट हिरव्या पानांची, जिच्या पानावर बारीक खड्डे-उंचवटे असतात. तिला लॅसिनाटो, टस्कन किंवा डायनासोर केल म्हणतात. तिसरी लाल रशियन केल, सपाट कातरलेली पानं आणि जांभळट देठ. ही प्रजातीने जरा वेगळी आहे, आणि पानही इतरांपेक्षा नाजूक. चौथी बेबी केल, म्हणजे कोवळेपणी काढलेली पानं, बहुधा पाकिटात बंद. नवख्या माणसाला मी लॅसिनाटो सुचवेन. तिच्यात माती कमी अडकते, चिरायला सोपी असते आणि चव कुरळीपेक्षा सौम्य असते. पण मिळाली तर. कुरळी मिळाली तरी काही बिघडत नाही, फक्त धुण्यात आळस नको.

जुडी कशी निवडायची

देठाला धरून जुडी आडवी करा. पानं ताठ राहिली तर ताजी, लोंबली तर शिळी. देठाचं कापलेलं टोक बघा: ओलसर, फिकट हिरवं असावं, वाळून तपकिरी झालेलं नको. पानावर पिवळी झाक दिसली तर ती जुडी सोडून द्या, ती शिजल्यावर कडू लागणार. आणि हावरटपणाने मोठ्यात मोठी पानं असलेली जुडी उचलू नका. तळहाताएवढी पानं कोवळी असतात. हातभर लांब पानांचे देठ दोरासारखे निघतात.

थंडीत निघालेली केल जास्त गोडसर लागते. कडाक्याच्या थंडीत गोठण्यापासून बचाव व्हावा म्हणून हे झाड पानांमध्ये साखर वाढवतं. ऐन उन्हाळ्यातली जुडी तेवढ्याच काळजीने केली तरी थोडी उग्र लागू शकते.

घरी आणल्यावर लगेच करायची नसेल तर धुऊ नका. कोरड्या किंवा किंचित दमट कापडात सैल गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस छान राहते. मात्र दिवसागणिक कडूपणा वाढत जातो, म्हणून जितकी लवकर तितकी बरी. सफरचंद, केळी अशा पिकणाऱ्या फळांशेजारी ठेवू नका. फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पालेभाजी लवकर पिवळी पडते.

साहित्य

- केलची एक जुडी, देठांसकट साधारण २५० ग्रॅम
- तेल १ मोठा चमचा (१५ मिली). ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम, नसेल तर रोजचं
- लसणाच्या २ ते ३ पाकळ्या
- सुकी लाल मिरची १, किंवा मिरचीचा भरडा पाव छोटा चमचा
- पाणी ३ ते ४ मोठे चमचे
- मीठ पाव छोटा चमचा, नंतर चवीप्रमाणे
- अर्ध्या लिंबाचा रस

भांडं पसरट आणि खोल हवं, आणि त्याला नीट बसणारं झाकण हवंच हवं. झाकण नसेल तर मोठी ताटली चालेल. जाड बुडाचं भांडं असेल तर लसूण करपायची भीती कमी.

जुडी पातेल्यात ठेवल्यावर डोंगराएवढी दिसते. घाबरू नका. देठ काढल्यावर १५० ग्रॅमच्या आसपास पानं उरतात आणि शिजून ती दोन छोट्या वाट्यांत मावतात. चार माणसं असतील तर सरळ दोन जुड्या घ्या.

धुणं : इथे घाई नको

नळाखाली पान धरून धुतलं म्हणजे धुतलं, असं केलच्या बाबतीत होत नाही. पानावरच्या मेणामुळे पाणी थेंबाथेंबाने घरंगळून जातं आणि झालरीच्या घडीत बसलेली माती जागची हलत नाही. कुरळ्या पानाची मागची बाजू उजेडात धरून बघा. शिरांच्या बेचक्यात कधी राखाडी-हिरवे बारीक ठिपके चिकटलेले दिसतात, तो मावा, म्हणजे पानावरची बारीक कीड. कधी एखादी हिरवी अळीही सापडते, आणि तिचा रंग पानाशी इतका जुळतो की ती हलेपर्यंत नजरेला येत नाही.

म्हणून मोठ्या पातेल्यात भरपूर गार पाणी घ्या. मावा दिसला असेल तर त्यात मूठभर मीठ टाका. पानं बुडवा, दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग पाण्यात हात घालून पानं जोरात खळबळवा. आता महत्त्वाचं: पातेलं चाळणीत उलटं करू नका. तळाशी बसलेली सगळी माती पुन्हा पानांवर येते. पानं हाताने वर उचलून चाळणीत काढा, पाणी फेकून द्या, आणि हेच आणखी एकदा-दोनदा करा. शेवटच्या पाण्यात तळाशी बोटं फिरवून बघा. कचकच लागली नाही म्हणजे झालं. मिठाचं पाणी वापरलं असेल तर शेवटचं पाणी साधं हवं, नाहीतर भाजी खारट होईल.

पानं कोरडी करायची गरज नाही. चाळणीत झटकून घ्या, अंगावर राहिलेलं पाणी वाफेच्या कामी येणार आहे.

देठ काढणं

कोवळ्या पानांचा देठ ठेवला तरी चालतो, पण नेहमीच्या जुडीतला देठ आणि त्याला लागून वर गेलेली जाड शीर पानाबरोबर शिजत नाही. पान मऊ होईपर्यंत देठ कच्चाच असतो. देठ शिजेपर्यंत थांबलात तर पानाचा लगदा होतो. तेव्हा दोघांची फारकत करायची.

सोपी रीत हाताची. एका हाताने देठाचं टोक धरा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने देठाला, पान जिथे सुरू होतं तिथे, सैल कवळ घाला आणि हात देठावरून पानाच्या शेंड्याकडे झर्रकन ओढा. दोन्ही बाजूंचं पान फाटून हातात येतं आणि देठ उघडा पडतो. शेंड्याजवळ शीर बारीक होते, तिथे ती आपोआप तुटते. जिथे तुटते तिथून वरचा भाग कोवळाच आहे असं समजा, तो पानातच राहू द्या. पहिली दोन-तीन पानं वेडीवाकडी फाटतील. नंतर एका जुडीला चार मिनिटंही लागत नाहीत.

लॅसिनाटोचं पान मधोमध दुमडून सुरीने शीर कापून काढणं जास्त सोयीचं पडतं.

देठ टाकू नका. बारीक, तांदळाएवढे नव्हे, पण मटाराहून मोठे नाहीत असे तुकडे करून वेगळे ठेवा. बुडाकडचं दोन-तीन बोटं लाकडासारखं टणक असेल तेवढं मात्र काढून टाका. हे तुकडे पानांच्या आधी भांड्यात जातील.

चिरणं

पानं एकावर एक रचून सैल गुंडाळी करा आणि बोटाच्या पेराएवढ्या रुंद पट्ट्या काढा. मोठे तुकडे ठेवले तर खाताना तोंडात घोळत राहतात, चावून चावून जबडा दुखतो. अगदी बारीक कीस केला तर शिजून गोळा होतो, आणि उग्रपणाही वाढतो. पान जितकं जास्त चिरलं जाईल तितकी त्यातली गंधकाची संयुगं आणि त्यांना फोडणारं वितंचक (एन्झाइम) एकमेकांना भेटतात आणि मोहरीसारखा झणका तयार होतो. याच कारणाने केल सकाळी चिरून संध्याकाळी करण्यापेक्षा करायच्या वेळी चिरलेली बरी. सोय म्हणून धुऊन, कोरडी करून, अख्खी पानं ठेवायला हरकत नाही.

आता आचेवर

*लसूण.* पाकळ्या ठेचू नका, पातळ चकत्या करा. ठेचलेला लसूण फार लवकर लाल होतो आणि करपलेल्या लसणाचा कडूपणा केलच्या कडूपणात भर घालतो; दोन्ही मिळून भाजी वाया. भांड्यात थंड तेल घ्या, लसूण त्यातच टाका आणि मग मंद आच सुरू करा. तेल तापत जाईल तसा लसणाचा वास तेलात उतरतो. चकत्यांभोवती बारीक बुडबुडे यायला लागले आणि कडा फिकट सोनेरी दिसल्या की मिरची टाका. लसूण बदामी होईपर्यंत थांबायचं नाही, कारण अजून त्याला सात-आठ मिनिटं भांड्यातच काढायची आहेत.

*देठ.* देठाचे तुकडे वापरणार असाल तर ते आता टाका, एक मोठा चमचा पाणी घाला आणि झाकण ठेवून तीन मिनिटं मध्यम आचेवर ठेवा.

*पानं.* आच मध्यम करा. पानं सगळी एकदम कोंबू नका. अर्धी टाका, चिमट्याने किंवा दोन चमच्यांनी खालीवर करा. अर्ध्या मिनिटात ती बसतात, मग उरलेली अर्धी. प्रत्येक पट्टीला तेलाचा हात लागला पाहिजे. मेणाच्या थरामुळे तेल सुरुवातीला एकाच जागी राहतं, म्हणून हे खालीवर करणं नुसतं उपचारापुरतं करू नका. या टप्प्यावर रंग बदलतो: मळकट हिरव्याचा एकदम लखलखीत हिरवा होतो.

*वाफ.* आता पाव छोटा चमचा मीठ आणि उरलेलं पाणी घाला, झाकण ठेवा. आच मध्यमच. कुरळ्या केलला चार ते पाच मिनिटं, लॅसिनाटोला तीन ते चार, लाल रशियनला दोन ते तीन. मध्ये एकदा झाकण काढून हलवा आणि तळाशी पाणी आहे ना बघा. संपलं असेल तर आणखी एक चमचा घाला. पाणी भाजी बुडेल इतकं कधीच नको. आपल्याला वाफ हवी आहे, सूप नको.

शिजली का हे घड्याळावरून ठरवू नका. एक पट्टी काढा, फुंकर मारून चावा. दाताखाली सहज तुटली आणि तरी अंगात थोडा जोर राहिला असेल तर बास. चावताना करकर वाजत असेल तर आणखी एक मिनिट. जुडी निबर असेल तर सात मिनिटंही लागू शकतात, त्यात काही चुकलं असं नाही.

*परतणं.* झाकण काढा, आच वाढवा. आता कानाने स्वयंपाक करा. तळाशी पाणी आहे तोवर बुडबुड असा ओला आवाज येतो. पाणी आटलं की तो बदलतो, तेल पुन्हा मोकळं होतं आणि चुरचुर सुरू होते. चुरचुर सुरू झाल्यावर एक ते दोन मिनिटं परता, थोडी पानं तळाला टेकू द्या, एखाददुसरी कड खरपूस होऊ द्या. भाजीला चव येते ती इथे. पाणी आटण्याआधीच उतरवली तर ती उकडलेल्या पाल्यासारखी लागते, आणि बहुतेकांची पहिली केल इथेच पाणचट होते.

*लिंबू.* गॅस बंद केल्यावर. आधी नाही. हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आंबट आणि उष्णता एकत्र आली की ते निघून जातं आणि रंग शेवाळी पडतो. शेवटी पिळलेल्या लिंबाने चव खुलते आणि रंगही टिकतो, निदान ताटात येईपर्यंत. चव घ्या, मग लागेल तसं मीठ. सुरुवातीला डोंगराकडे बघून मीठ घातलं तर दोन वाट्या खारट भाजी मिळणार, म्हणून हा शेवटचा हात राखून ठेवायचा.

कडूपणाचं काय करायचं

केलमध्ये थोडा कडूपणा असणारच. तो पूर्ण घालवायच्या नादी लागू नका. तो कमी जाणवावा यासाठी मात्र तीन गोष्टी हाताशी आहेत. पहिलं मीठ. मीठ नुसतं खारटपणा आणत नाही, कडू चव दाबतं. अळणी केल खारट केलपेक्षा कितीतरी जास्त कडू लागते. दुसरं आंबट, म्हणजे लिंबू किंवा थोडं व्हिनेगर. तिसरं थोडं तेल किंवा लोणी. तरीही नकोसं वाटलं तर चिमूटभर साखर, किंवा लसणाआधी तेलात एक छोटा कांदा मंद आचेवर परतून घ्या; कांद्याची गोडी पुरते.

जुडी फारच निबर असेल, पानं जाड आणि गडद असतील, तर पद्धत बदला. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, त्यात मीठ घाला, चिरलेली पानं दोन-तीन मिनिटं झाकण न ठेवता उकळा आणि लगेच गार पाण्यात काढा. मग मुठीत दाबून पाणी पिळा आणि लसणाच्या तेलात दोन मिनिटं परता. बराच कडूपणा पाण्यात उतरतो. त्याबरोबर क जीवनसत्त्वही उतरतं, म्हणून हा रोजचा मार्ग नव्हे.

हिरवागार रंग राहावा म्हणून खायचा सोडा घालायचा सल्ला कुणीतरी देईलच. रंग राहतो हे खरं. पण सोड्याने पानाची वीण सैल होऊन भाजी गिळगिळीत होते, आणि क जीवनसत्त्वाचाही नाश होतो. मी घालत नाही.

बेबी केल आणि फ्रोजन केल

बेबी केलला वरचं निम्मं काहीच लागू होत नाही. देठ काढायचे नाहीत, चिरायचं नाही, झाकण नाही, पाणी नाही. लसूण सोनेरी झाला की पानं टाका, मिनिट-दीड मिनिट हलवा, उतरवा. ही केल मात्र खरोखर पालकासारखी वागते.

फ्रोजन केल आधीच उकळत्या पाण्यातून काढलेली असते, त्यामुळे तिला वाफेची पायरी नको. गोठलेलीच भांड्यात टाका, झाकण न ठेवता मध्यम-मोठ्या आचेवर पाणी सुटून आटेपर्यंत परता. ताज्या केलचा पोत तिला येत नाही, पण घाईच्या दिवशी चालून जाते.

एकदा जमली की

लसूण-लिंबाची ही भाजी पाया म्हणून धरा. लसणाबरोबर आल्याचे बारीक काप, वरून भाजलेले तीळ. किंवा शेवटी काळी मिरी आणि किसलेलं चीज. किंवा परतताना मूठभर शिजवलेले छोले, की भाजी जरा पोटभरीची होते. बदामाचे किंवा अक्रोडाचे तुकडे भाजून वर घातले तर मऊ भाजीत काहीतरी कुरकुरीत येतं. एका वेळी एकच. सगळं एकदम घातलं तर केलची स्वतःची चव कुठेच उरत नाही.

कच्ची खायची असेल तर वाफेचं काम हातांनी करावं लागतं. देठ काढलेल्या बारीक पट्ट्यांवर थोडं मीठ, तेल आणि लिंबू घालून दोन-तीन मिनिटं मुठीत चुरा. पान आकसतं, गडद होतं आणि चावायला सोपं जातं. हे सोडून कच्ची केल सरळ ताटात वाढू नये, असं माझं मत आहे.

तब्येतीच्या दोन-तीन गोष्टी

केलचं कौतुक जरा अतीच होतं. एका भाजीने कुणाची तब्येत पालटत नाही. तरी तिच्यात घेण्यासारखं पुष्कळ आहे. क आणि के ही जीवनसत्त्वं भरपूर, शिवाय बीटा-कॅरोटीन आणि ल्युटीन ही रंगद्रव्यं. ही शेवटची दोन तेलाबरोबर चांगली शोषली जातात, म्हणून तेलाचा तो एक चमचा वाचवू नका. कॅल्शियमच्या बाबतीत केल पालकापेक्षा सरस. पालकात कॅल्शियम असतं, पण त्याला बांधून ठेवणारं ऑक्झॅलेटही खूप असल्याने त्यातलं फार थोडं अंगी लागतं. केलमध्ये ऑक्झॅलेट कमी असतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केलमधलं कॅल्शियम दुधातल्याइतकंच, किंबहुना किंचित जास्तच, शोषलं गेल्याचं दिसलं होतं.

एक सावधगिरी मात्र खरी आहे. रक्त पातळ राहावं म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी अचानक रोज वाटीभर केल खायला सुरुवात करू नये. के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. केल वर्ज्य आहे असं नाही, पण प्रमाण कायम सारखं ठेवावं लागतं आणि ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

उरली तर

दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करताना झाकण नको. तापलेल्या भांड्यात थेंबभर तेलावर मिनिटभर परता, नाहीतर कोबीसारखा वास सुटतो. लिंबू पुन्हा थोडं पिळावं लागतं, कारण आदल्या दिवशीचा ताजेपणा रात्रीत उडालेला असतो. फेटलेल्या अंड्यात ही भाजी घालून केलेलं ऑम्लेट चांगलं होतं. त्यासाठी ती आधी कोरडी परतून घ्या, म्हणजे अंड्याला पाणी सुटत नाही.